सुपरचार्जर की टर्बो: साडेनऊशे किलोच्या गाडीसाठी केलेली निवड

हलक्या स्पोर्ट्‌स कारचा दम वाढवायचा विषय निघाला की चर्चा सरळ पिकअप आणि लॅगवर जाते. दोन्ही साधनं इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतात: टर्बो एक्झॉस्टच्या वायूने फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्याने. टर्बोला उशीर लागतो (हाच लॅग), सुपरचार्जर लगेच खेचतो, वाद संपला. बोनेट उघडून मोजमाप घ्यायला लागलं की कळतं, हा प्रश्न यादीत बराच खाली आहे. त्याच्या वर तीन प्रश्न असतात. इंजिनातले कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारे दांडे) किती टॉर्क सोसतील? दाबल्यामुळे तापलेल्या हवेची उष्णता टाकायची कुठे? आणि मोकळी जागा एक्झॉस्टच्या बाजूला आहे की इनटेकच्या?

आम्ही ज्या गाडीसाठी हे ठरवलं ती माझदा एमएक्स-५, १९८९ साली आलेली पहिली पिढी, १.६ लिटरचं इंजिन. वजन साधारण ९५० किलो, ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, टॉर्क सुमारे १३५ न्यूटन-मीटर, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण जितके पट दाबलं जातं ते, ९.४ ला १. लक्ष्य ठेवलं १७० हॉर्सपॉवरचं, म्हणजे दीडपटीच्या थोडं आत. त्यापुढे गेलं की इंजिन आतून उघडावं लागतं, आणि मग खर्चाचं गणित वेगळ्याच पानावर जातं.

या वर्गातल्या गाड्यांना कंपन्यांनी स्वतः दोन्ही उत्तरं दिलेली आहेत. टोयोटाने पहिल्या पिढीच्या एमआर२ मध्ये १.६ लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावला, तोही विद्युतचुंबकी क्लचचा. गरज नसेल तेव्हा तो सुटायचा. पुढच्या पिढीत त्याच टोयोटाने २ लिटरचं टर्बो इंजिन घातलं. लोटसने २००६ च्या एक्सिज एसमध्ये ११.५ ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनावर ईटनचा एम६२ सुपरचार्जर बसवला. माझदाने २००४-०५ मध्ये एमएक्स-५ च्या दुसऱ्या पिढीला, १.८ लिटरच्या इंजिनाला, टर्बो दिला आणि १७८ हॉर्सपॉवरवर थांबली. यातलं कुठलंच उत्तर चुकीचं नाही. इंजिन वेगळं, जागा वेगळी, म्हणून उत्तर वेगळं.

काहीही विकत घेण्याआधी इंजिनाची तब्येत पाहिली. चारही स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गरम इंजिनावर कॉम्प्रेशन घ्यायचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजायचा. आकडा किती येतो यापेक्षा चार सिलिंडरांत फरक किती आहे हे महत्त्वाचं. १० टक्क्यांच्या आत हवा. मग लीक-डाऊन, म्हणजे सिलिंडरात दाबाने हवा सोडून ती कुठून गळते ते पाहायचं. हवा सोडल्यावर फुसफुस ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. थकलेल्या इंजिनावर बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) चढवणं म्हणजे त्याच्या मरणाची तारीख जवळ आणणं, मग साधन कोणतंही असो.

या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते आणि ती निवडीवर थेट परिणाम करते: क्रँकशाफ्टचं पुढचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत ते आखूड आहे. त्यावरचा बोल्ट एकदा जरी नीट ताणला गेला नसेल तर चावीची खाच झिजते आणि पुली डुलायला लागते. पुलीच्या मध्याभोवती चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर लांब. सुपरचार्जरला लागणारी सगळी ताकद याच नाकावरून पट्ट्याने जाणार असते. टर्बोचा या नाकाशी काही संबंध येत नाही. आखूड नाकाच्या इंजिनाला सुपरचार्जर लावूच नये असं नाही, पण पुली डायल गेजवर अर्धा मिलिमीटर जरी डुलत असेल तरी आम्ही तो विचार सोडून देतो.

आता टॉर्कची मर्यादा. या इंजिनाचे मूळ रॉड २७० न्यूटन-मीटरच्या आसपास पोचलं की वाकायला लागतात, हा हे इंजिन बांधणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. त्याहून आधी मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) रडतो, कारण १.६ च्या गाड्यांत तो ६ इंची रिंग गिअरचा होता, १.८ बरोबर ७ इंची आला. इथे एक मुद्दा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. रॉड वाकतो तो टॉर्कने, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाने, आणि तोही कमी आरपीएमवर जास्त सहज. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग. त्यामुळे ३,००० आरपीएमवर २५० न्यूटन-मीटर देणारं सेटिंग आकड्यांत फक्त १०५ हॉर्सपॉवर दाखवतं, पण रॉडला ते ६,५०० आरपीएमवरच्या १७० हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी महाग पडतं. ६,५०० वर १७० हॉर्सपॉवरसाठी जेमतेम १८५ न्यूटन-मीटर पुरतात.

म्हणून प्रत्येक साधनाचा टॉर्कचा आलेख कसा दिसतो ते आधी कागदावर काढलं. ईटनसारखा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर प्रत्येक फेरीला ठरलेली हवा ढकलतो. त्यामुळे २,००० पासून वरपर्यंत बूस्ट जवळपास सारखा आणि टॉर्क सपाट. रोट्रेक्ससारख्या सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरमध्ये बूस्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ७,००० वर ०.५ बार असेल तर ३,५०० वर फक्त ०.१२ बारच्या आसपास. रॉडसाठी हा सर्वांत सौम्य प्रकार, पण रस्त्यावर खालच्या अर्ध्या भागात गाडी मूळच्यासारखीच वाटते. लहान टर्बो मधल्या आरपीएमवर फुगवटा देतो, नेमका तिथेच जिथे रॉड कच्चे. पण त्या फुगवट्याला सॉलेनॉइडने (बूस्ट आवरणाऱ्या विद्युत झडपेने) कापता येतं. आरपीएमप्रमाणे आणि गिअरप्रमाणेही बूस्ट किती द्यायचा हे ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, तक्त्यात लिहिता येतं. सुपरचार्जरचा बूस्ट पुलीच्या मापात कोरलेला असतो. बदलायचा तर पुली आणि पट्टा दोन्ही बदला.

उष्णतेचं गणित मात्र पूर्ण करूनच पुढे गेलो, कारण बहुतेक चुकीच्या निवडी इथे होतात. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि बूस्ट ०.५ बार धरू. दाबाचं गुणोत्तर १.५. चांगल्या टर्बोची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर हवा साधारण ८२ अंशांवर बाहेर पडते. रूट्स सुपरचार्जरची ५५ टक्के धरली तर ९८ अंशांवर. १६ अंशांचा फरक फार वाटत नाही. खरा फरक पुढे आहे. टर्बोची हवा पाइपातूनच इनटेककडे जाणार असते, त्यामुळे वाटेत रेडिएटरसमोर इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा कूलर) बसवणं सोपं. ७० टक्के क्षमतेचा इंटरकूलर ती ८२ ची ४६ अंशांवर आणतो. सुपरचार्जर थेट इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) बसवला तर मध्ये इंटरकूलरला जागाच उरत नाही आणि ९८ अंशांची हवा सरळ सिलिंडरमध्ये जाते.

घनतेच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडे गेजचा काटा ०.५ बारच दाखवतो, पण इंटरकूलर असलेल्या इंजिनात हवा ४२ टक्के जास्त भरते आणि नसलेल्यात २२ टक्के. "दोघांचा बूस्ट सारखाच आहे" या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. शिवाय गरम हवेत नॉकिंग (मिश्रण स्वतःहून स्फोटासारखं पेटणं) लवकर सुरू होतं, त्यामुळे इग्निशन मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते आणि उरलेल्यातलंही थोडं जातं. सुपरचार्जरला इंटरकूलर लावताच येत नाही असं मात्र नाही. पाण्यावर चालणारा कूलर मॅनिफोल्डमध्ये बसवतात, किंवा सुपरचार्जरचं तोंड फिरवून हवा समोर नेऊन परत आणतात. पण पाण्याचा वेगळा पंप, वेगळा छोटा रेडिएटर, होजपाइपा असं सगळं जोडलं की सुपरचार्जर बसवायला सोपा, हा त्याचा मुख्य गुण संपतो.

ईटनचा एम४५ सुपरचार्जर प्रत्येक फेरीला सुमारे ०.७४ लिटर हवा ढकलतो. आमच्या १.६ इंजिनाला ७,००० आरपीएमवर, ८५ टक्के भरणं धरून, मिनिटाला साधारण ४,७५० लिटर हवा लागते. इंटरकूलरसह ०.५ बार हवा असेल तर आत खेचायची हवा ६,८०० लिटरवर जाते. सुपरचार्जरच्या आतली गळती हिशेबात घेतली तर त्याला जवळपास १०,८०० आरपीएमवर फिरवावं लागतं, म्हणजे गुणोत्तर १.५५. क्रँकची पुली १३० मिलिमीटरची असेल तर वरची ८४ ची. या वेगाला त्याला ९ ते ११ किलोवॉट ताकद लागते आणि ८४ मिलिमीटरच्या पुलीवर पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणात २०० न्यूटनहून जास्त फरक पडतो. चार रेघांचा मूळ पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपासाठी आहे, यासाठी नाही. सहा रेघांचा पट्टा, पुलीला निदान अर्ध्या घेराचा विळखा आणि स्प्रिंगचा टेन्शनर हवा. पट्टा घसरतोय हे ओळखायला कान नको. बूस्ट ५,००० पर्यंत बरोबर चढतो, पुढे वाढायच्या ऐवजी खाली येतो आणि पुलीच्या आजूबाजूला काळी भुकटी जमते.

सुपरचार्जरच्या बाजूने बोलायचं तर थ्रॉटल त्याच्या आधी असेल तर पायाखालचा प्रतिसाद खरोखर मूळ इंजिनासारखा राहतो. टर्बोच्या बाबतीत उशिराचं खापर बरेच जण इंटरकूलरच्या लांब पाइपांवर फोडतात. हिशेब करून पाहा. पाइप आणि इंटरकूलर मिळून ६ लिटर जागा धरली, तर ती ०.५ बारने भरायला जास्तीची ३ लिटर हवा लागते. ४,००० आरपीएमवर हे इंजिन सेकंदाला ४५ लिटर हवा गिळतं. म्हणजे पाइप भरायला सेकंदाचा पंधरावा भागही पुरे. खरा उशीर टर्बाइनचं चाक वेगात आणायला लागतो. त्यावर उपाय पाइप आखूड करणं हा नसून टर्बो लहान घेणं हा आहे.

हा उशीर सरळ रस्त्यावर कुणालाच त्रास देत नाही. त्रास वळणात होतो. या गाडीचा व्हीलबेस २,२६५ मिलिमीटर, मागची चाकं ओढणारी, वजन कमी. वळणाच्या मध्यावर पाय अर्धा दाबला आणि टॉर्क अर्ध्या सेकंदाने, तोही मागितल्यापेक्षा जास्त आला, तर मागचा भाग सुटतो. ज्याला घाटातल्या किंवा ट्रॅकवरच्या घट्ट वळणांत पायाने गाडी वळवायची आहे, त्याने सुपरचार्जरच घ्यावा आणि कमी ताकदीत समाधान मानावं. हे आम्ही टर्बो लावूनही म्हणतो.

आम्ही टर्बो निवडला. कारणं वर आलीच आहेत: क्रँकच्या नाकावर भार नको होता, इंटरकूलरला समोर जागा होती, आणि टॉर्कचा फुगवटा ईसीयूने कापता येणार होता. उंचीचाही एक मुद्दा होता. २,००० मीटरवर हवेचा दाब ८० किलोपास्कलच्या आसपास येतो. सुपरचार्जरचं गुणोत्तर ठरलेलं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये १५० (समुद्रसपाटीचे १०० आणि बूस्टचे ५०) ऐवजी १२० किलोपास्कल मिळतात. टर्बो, ईसीयूला निरपेक्ष दाब राखायला सांगितलं तर, १५० च देतो. फक्त त्याचं चाक जास्त वेगाने फिरतं. नुसत्या स्प्रिंगवर चालणारं वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर १३० मिळतात.

टर्बो कोणता, हे कॉम्प्रेसरच्या नकाशावर (प्रवाह आणि दाबानुसार कार्यक्षमता दाखवणाऱ्या आलेखावर) ठरतं. १७० हॉर्सपॉवरला हवेचा प्रवाह सेकंदाला साधारण ०.१३ किलो, म्हणजे नकाशांवर जे माप छापतात त्यात मिनिटाला साडेसतरा पाउंड. दाबाचं गुणोत्तर १.५ धरून चालत नाही. फिल्टरमध्ये २ आणि इंटरकूलरमध्ये ६ किलोपास्कल जातात, म्हणून १.५९ घ्यायचं. गॅरेटचा जीटी२५५४आर या बिंदूला नकाशाच्या आत ठेवतो आणि ३,००० च्या थोड्या पुढे पूर्ण बूस्टवर येतो. मोठा भाऊ जीटी२५६०आर कागदावर जास्त ताकद देतो, पण १.६ लिटरला तो उशिरा जागा होतो. "पुढेमागे लागेल" म्हणून मोठा टर्बो घेणं ही या कामातली सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक.

टर्बो ज्यावर बसतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा घेतला. स्टेनलेसच्या नळ्यांचा दिसतो सुंदर, पण टर्बोचं वजन त्याच्यावर टांगलं आणि तो रोज तापून थंड झाला की जोडाजवळ चिरतो. ओतीव मॅनिफोल्ड बसवण्याआधी दोन्ही तोंडं सपाट पट्टीवर फीलर गेजने तपासायची, ०.१ मिलिमीटरची पाती आत जात असेल तर घासून घ्यायचं. टर्बो आणि मॅनिफोल्डमधले स्टड हे या जोडणीचं सर्वांत दुबळं ठिकाण. साधे स्टड उष्णतेने लांबतात, नट सैल होतात, गॅस्केट उडतं, आणि मालकाला वाटतं टर्बो गेला. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे स्टड आणि नट फिरू न देणाऱ्या लॉकिंग पट्ट्या, यात काटकसर करू नये. डाऊनपाइपमध्ये (टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपात) जाळीदार लवचीक तुकडा हवाच, नाहीतर इंजिन हलताना सगळा झटका त्याच स्टडवर येतो. पाइप अडीच इंची पुरतो.

ऑइलचं काम निवांत करावं. आत जाणारी लाइन ऑइल प्रेशरच्या सेन्सरजवळून टी लावून घेता येते. बॉल बेअरिंगच्या टर्बोला सुमारे १ मिलिमीटर छिद्राचा रिस्ट्रिक्टर लागतो. नाहीतर दाबाने ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुटतो. पण धुराचं जास्त वेळा सापडणारं कारण परतीची लाइन असते. परतणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. पाइप आतून निदान १२ मिलिमीटर, जमलं तर १६, कुठेही खळगा नाही, सरळ उतार, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) तो ऑइलच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. चेंबर न काढता भोक पाडायचं असेल तर ड्रिलच्या आणि आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस भरायचं, दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा. किस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. तरी नंतर स्वस्त ऑइल ओतून, ड्रेन प्लगमधून वाहू देऊन, चेंबर धुवायचाच.

या इंजिनात कूलिंगचीही एक खोड आहे. मूळ रचना आडव्या बसणाऱ्या इंजिनाची. ते उभं बसवताना पाणी बाहेर पडायची जागा पुढे आणली गेली. पाणी पुढून आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरला कमी मिळतं. मूळ ताकदीला चालून जातं. बूस्टवर सतत दाबून चालवणाऱ्यांनी पाण्याची बाहेर जाणारी वाट मागून काढून घ्यावी. नॉकिंगचा पहिला फटका चौथ्यालाच बसतो.

क्रँककेसची वाफ जाणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह फुंकर मारून तपासा. एकाच दिशेने हवा जायला हवी. तो गळका असेल तर बूस्टची हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि मागचं ऑइल सील ऑइल ओकतं. क्लच मूळचा २०० मिलिमीटरचा. १९० न्यूटन-मीटरला नवा असेल तर काही काळ धरतो, जुना असेल तर चौथ्या गिअरमध्ये घसरतो. १.८ चा २१५ चा क्लच बसतो, पण त्याच्याबरोबर १.८ चं फ्लायव्हील घ्यावं लागतं.

इंधनाचा हिशेब दोन्ही पर्यायांना सारखाच लागू आहे, आणि किटांच्या जाहिरातीत तो सहसा नसतो. १२५ किलोवॉटला, बूस्टवर लागणारं गडद (हवेच्या मानाने जास्त इंधनाचं) मिश्रण धरून, तासाला साधारण ४२ किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत वाटलं की प्रत्येकी मिनिटाला २४० सीसी. आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही म्हणून २८० सीसीच्या पुढचा हवा. मूळचे २१० च्या आसपासचे आहेत. आम्ही ४४० चे घेतले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर ७-८ टक्के जास्त इंधन लागतं, तेही यात बसतं. जुन्या किटांत मूळ इंजेक्टर ठेवून बूस्टबरोबर इंधनाचा दाब चढवणारा रेग्युलेटर देत. काम होतं, पण मिश्रण कधी बरोबर असेल याचा भरवसा नाही, आणि पंपावर भलताच दाब येतो. तासाला १९० लिटरचा पंप आणि त्याला रिलेतून थेट बॅटरीची वायर, एवढं केलं की तो विषय मिटतो.

ईसीयू मेगास्क्वर्टच्या जातीचा, गाडीच्या मूळ वायरिंगच्या प्लगला थेट जोडणारा. १.६ च्या मूळ गाडीत हवा मोजायला झडपेचं मीटर आहे. ते काढून टाकायचं आणि दाब व तापमानावर चालवायचं. दाबाच्या सेन्सरची नळी प्लेनममधून (सगळ्या सिलिंडरांना हवा देणाऱ्या सामाईक पोकळीतून) घ्यायची, एका सिलिंडरच्या रनरमधून नाही, नाहीतर आकडा नाचत राहतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर उघड्या टोकाचा आणि इंटरकूलरनंतरच्या पाइपात बसवावा. तप्त इनटेक मॅनिफोल्डमध्ये तो बसवला तर तो धातूचं तापमान सांगतो आणि सिग्नलला थांबलेली गाडी निघताना मिश्रण पातळ होतं.

स्पार्क प्लग मूळपेक्षा एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), म्हणजे एनजीकेचा बीकेआर७ई, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. मूळची १ मिलिमीटरची फट ठेवली तर बूस्टवर ठिणगी विझते आणि तो खुळखुळाट इंधन कमी पडल्यासारखा वाटतो. बरेच जण तिथे उगाच मिश्रण गडद करत बसतात.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन आणि ठिणगी बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवायचा. मग स्ट्रोब लाइटने बघायचं की ईसीयू म्हणतो ते टायमिंग आणि पुलीवर दिसतं ते एकच आहे का. हे न जुळवता पुढचा तक्ता भरणं व्यर्थ. आयडलिंग आणि हलक्या पायाचा भाग बूस्टशिवाय नीट बसवून घ्यायचा. बूस्टचा भाग फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, ०.४ बारला, सुरू करायचा. लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली गडद) ०.८० च्या आसपास, इग्निशन मूळ तक्त्यातून प्रत्येक ०.१ बारला एक ते दीड अंश मागे. वरच्या गिअरमध्ये, थोडा थोडा भार वाढवत, नॉकिंग ऐकायच्या हेडफोनवर कान ठेवून. सॉलेनॉइड सगळ्यात शेवटी जोडायचा. बूस्टचा तक्ता आम्ही ३,५०० ला ०.४ आणि ५,००० च्या पुढे ०.५ असा चढता ठेवला, पहिल्या दोन गिअरमध्ये स्प्रिंगपुरताच. इनटेक मॅनिफोल्डचा दाब १७५ किलोपास्कलच्या वर गेला की इंधन तोडायचं. वेस्टगेटची नळी निसटली तर इंजिनाला वाचवणारी हीच एक ओळ असते.

सॉलेनॉइड बंद असतानाही ६,००० च्या पुढे बूस्ट आपोआप चढत असेल, तर दोष तक्त्यात नाही. मोकळ्या एक्झॉस्टमुळे वेस्टगेटचं छिद्र अपुरं पडतंय. टर्बोच्या घरातलं ते छिद्र झडपेच्या मापापर्यंत मोठं करून घेतलं की थांबतं. बूस्टचे पाइप निसटत असतील तर क्लँप आवळत बसू नका. पाइपाच्या टोकाला कडा उठवून घ्या.

सुपरचार्जर घेणाऱ्यांसाठी थोडं. ईटनच्या पुढच्या गिअरपेटीत स्वतःचं ऑइल असतं. ते घाणेरडं किंवा कमी असेल तर वापरलेला नग घेऊ नका. आयडलिंगला खडखड आणि रेस दिल्यावर शांत, असं असेल तर बहुतेक वेळा आतला कपलर झिजलेला असतो. तो स्वतंत्र मिळतो आणि बदलता येतो. बायपास व्हॉल्व्ह हलक्या पायाला उघडतो ना, हे डोळ्यांनी बघा. तो अडकून बंद राहिला तर सुपरचार्जर रस्ताभर फुकट हवा दाबत आणि तापत राहतो. रोट्रेक्सला त्याचं स्वतःचं ट्रॅक्शन ऑइलच लागतं, कारण आतला वेग दातांनी नव्हे, घर्षणाने वाढतो. इंजिन ऑइल घातलं तर तो घसरतो आणि खराब होतो.

टर्बो बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरांत इंजिन पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डचे नट पुन्हा ताणायचे, लॉकिंग पट्ट्या परत बसवायच्या, ऑइल आणि फिल्टर बदलायचा. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून पाहायच्या. चेंबरला भोक पाडताना आत राहिलेला किस असेल तर तो तिथेच सापडतो.